अयनदिन त्याच दिवशी ओळखता येतो का? (मोठ्या होणाऱ्या दिवसांची नोंद ठेवणाऱ्यांसाठी धागा)

कवडसा (धागाकर्ता)

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की 'उद्या वर्षातला सर्वांत लहान दिवस' अशा बातम्या येतात, दुसऱ्या दिवशी 'आता दिवस मोठा होणार' असे निरोप फिरतात आणि तिसऱ्या दिवशी विषय संपतो. हे निरोप पुढे ढकलणाऱ्यांपैकी स्वतः पाहिलंय किती जणांनी, असं मला नेहमी विचारावंसं वाटतं. कारण गंमत अशी आहे की त्या दिवशी पाहण्यासारखं काही नसतंच.

गणिताने अयनाचा, म्हणजे सूर्य दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या टोकाला जाऊन परत फिरण्याचा, क्षण मिनिटापर्यंत काढता येतो. २०२५ मध्ये तो भारतीय वेळेनुसार २१ डिसेंबरला रात्री ८:३३ वाजता होता, २०२६ मध्ये २२ डिसेंबरला पहाटे २:२० ला आहे. दरवर्षी पावणेसहा तासांच्या वर पुढे सरकायचं आणि लीप वर्षाने मागे खेचायचं, हा त्याचा क्रम. त्या क्षणी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २३ अंश २६ कलांवर असतो आणि तिथून परत फिरतो.

पण डोळ्यांना काय दिसतं? मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सूर्य दक्षिणोत्तर दिशेने रोज जवळजवळ ०.४ अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाच्या पाऊणपट. अयनानंतरच्या अख्ख्या आठवड्यात मिळून तो ०.२ अंशही सरकत नाही. झोका टोकाला जाऊन रेंगाळावा तसा प्रकार.

आकडा घ्या. २० उत्तर अक्षांशावर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी केली तर भर माध्यान्ही तिची सावली १ डिसेंबरला सुमारे ८९.५ सेंटिमीटर पडते आणि अयनदिनी सुमारे ९४.७. तीन आठवड्यांत पाच सेंटिमीटर, शाळेच्या फूटपट्टीने मोजता येईल इतकी वाढ. पण १८ डिसेंबरपासून अयनापर्यंतचा फरक? दोन मिलिमीटरसुद्धा नाही. त्यात सावलीचं टोक धूसर, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, चांगलं अर्ध्या अंशाचं बिंब आहे. ती धूसर कडच पावणेदोन सेंटिमीटर रुंद पडते. आता शोधा त्यात दोन मिलिमीटर!

मग जुन्या लोकांनी दिवस पकडला कसा? चीनमधल्या त्सू छोंगची याने इ.स. ४६१ मध्ये केलेली युक्ती मला सर्वांत आवडते. त्याने अयनदिनाकडे चक्क पाठ फिरवली. अयनाच्या तीनेक आठवडे आधी, सावली अजून भराभर बदलत असताना, एक लांबी मोजून ठेवली. मग अयन उलटून गेल्यावर परतीच्या वाटेवर सावली पुन्हा तेवढीच कधी होते ते पाहिलं. ती बरोबर तेवढी एका दिवशी भरत नाही, एका दिवशी जरा जास्त आणि दुसऱ्या दिवशी जरा कमी भरते, म्हणून त्या दोन दिवसांच्या मधला अंश त्रैराशिकाने काढला. दोन्ही टोकांचा मध्य म्हणजे अयन. दिवसच नव्हे, दिवसातली वेळसुद्धा हाती लागली.

म्हणजे अयन कधी झालं हे कळायला जानेवारी उजाडावा लागतो! यंदा आपणही असं करून बघू या का? कुठेही राहत असा, आपापले अक्षांश लिहून नोंदी इथे टाका.

---

शंकासुर

नोंदी ठेवीन, पण आधी एक शंका. २२ डिसेंबरपासून दिवस मोठा होतो म्हणता, आणि माझ्याकडे सूर्योदय जानेवारीतसुद्धा रोज थोडा थोडा उशिराच होतो. सकाळी फिरायला जाणाऱ्याला विचारा, अंधार वाढत असतो. मग वाढलेला दिवस जातो कुठे?

---

रातकिडा

शंकासुरांशी सहमत. मला सूर्योदयाचं काही माहीत नाही, मी तेव्हा झोपलेला असतो. पण संध्याकाळी उजेड रेंगाळायला लागतो तो अयनाच्या आधीपासूनच, हे मी शपथेवर सांगेन.

---

गणितवेडी

दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांचं उत्तर एकच आहे.

दिवसाची लांबी म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त. ती अयनदिनी किमान असते, त्यात वाद नाही. पण त्या पट्टीचा मध्य, म्हणजे खरी माध्यान्ह, घड्याळात रोज एकाच वेळी येत नाही. सूर्याचा 'एक माध्यान्ह ते दुसरी माध्यान्ह' हा दिवस वर्षभर बरोबर २४ तासांचा नसतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो २४ तासांपेक्षा सुमारे ३० सेकंद जास्त भरतो. म्हणजे अख्खी पट्टी रोज अर्धा मिनिट पुढे ढकलली जाते, उगवणं आणि मावळणं दोन्ही तिच्याबरोबर.

या ३० सेकंदांतले २० सेकंदांच्या वर पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आहेत: अयनाजवळ सूर्याची सगळी चाल पूर्वेकडे असते, वर-खाली काही खर्च होत नाही. उरलेले सातआठ सेकंद पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ, म्हणजे कक्षेत वेगात असते म्हणून. (उपसूर्य बिंदू ३-४ जानेवारीच्या आसपास येतो. हो, उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.)

आता अयनाच्या आसपास दिवसाची लांबी बदलते रोज काही सेकंदांनी आणि पट्टी सरकते रोज अर्ध्या मिनिटाने. जिंकणार कोण? पट्टी. म्हणून सूर्यास्त आधीपासूनच उशिरा व्हायला लागतो आणि सूर्योदयाचा उशीर नंतरही चालू राहतो.

किती आधी नि किती नंतर, ते अक्षांशावर. २० अंशांवर सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास होऊन जातो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय थेट जानेवारीच्या मध्यावर. ४० अंशांवर हेच ७-८ डिसेंबर आणि ४ जानेवारी. ६० अंशांवर दोन्ही तारखा अयनाच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे येतात, कारण तिथे दिवसाची लांबीच झपाट्याने बदलते, पट्टीची मिजास चालत नाही.

तेव्हा रातकिडा, तुमची शपथ ग्राह्य.

---

रातकिडा

आयुष्यात पहिल्यांदा उशिरा उठण्याला शास्त्राधार मिळाला.

---

दगडधोंडे

कवडसा, धागा आवडला. फक्त चीनपुरता ठेवू नका, सावलीच्या कितीतरी आधी लोकांनी दगडांत नोंदी केल्यात.

आयर्लंडमधलं न्यूग्रेंज माहीत असेलच. सुमारे ५,२०० वर्षं जुनं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून आधीचं थडगं. दाराच्या वर एक छोटी झरोक्यासारखी पेटी आहे. अयनाच्या आसपासच्या सकाळी उगवत्या सूर्याचा किरण तिच्यातून शिरतो, १९ मीटर लांबीच्या बोळातून आत जातो आणि खोली पंधरासतरा मिनिटं उजळते. उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ ला आत उभं राहून हे पाहिलं, तोवर ती फक्त स्थानिक दंतकथा होती. आता आत जायला सोडत काढतात. हजारोंनी अर्ज येतात, आणि निवड झालेल्यांनाही ढग आले तर अंधारात उभं राहून परत यावं लागतं.

पण मला त्या किरणापेक्षा एक बारकावा जास्त मोलाचा वाटतो. आज किरण सूर्योदयानंतर सुमारे चार मिनिटांनी आत शिरतो. बांधलं तेव्हा तो उगवताक्षणी शिरत असणार. कारण तेव्हा पृथ्वीचा आस सुमारे २४ अंश कललेला होता, आज २३.४४. अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक, म्हणजे सूर्यबिंबाच्या रुंदीपेक्षा थोडा अधिक, आणि तो दगडात टिपला गेलाय.

जर्मनीत गोझेकला लाकडी खांबांचं वर्तुळ सापडलं, साधारण इ.स.पू. ४९०० चं. १९९१ मध्ये विमानातून काढलेल्या फोटोत शेतातल्या पिकावर त्याच्या खुणा दिसल्या. त्याची दोन दारं हिवाळी अयनाच्या उगवती-मावळतीकडे तोंड करून आहेत. पेरूमधल्या चान्किलोला तर डोंगराच्या कण्यावर एका रांगेत १३ बुरूज आहेत, सुमारे २,३०० वर्षं जुने. बघायच्या जागेवरून पाहिलं की सूर्य वर्षभर या टोकाच्या बुरुजापासून त्या टोकाच्या बुरुजापर्यंत ये-जा करतो. क्षितिजाचंच कॅलेंडर केलंय.

---

शंकासुर

दगडधोंडेसाहेब, रसभंग करतो, माफी. वर्तुळात खांब रोवले की कुठला ना कुठला खांब कशाच्या ना कशाच्या दिशेला येणारच. सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राची टोकं, दहाबारा ठळक तारे. दिशा हव्या तेवढ्या मिळतात. मग 'प्राचीनांना सगळं ठाऊक होतं' म्हणून मोकळे. न्यूग्रेंज मान्य, तिथे बोळ आहे, झरोका आहे, हेतू दिसतो. बाकीच्या ठिकाणी हेतूचा पुरावा काय?

---

दगडधोंडे

माफी कशाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. या क्षेत्रात हौशी लोकांनी भरपूर धुरळा उडवलाय.

म्हणून दिशेखेरीज दुसरा पुरावा शोधतात. स्टोनहेंजचंच बघा. त्याचा अक्ष एका बाजूला उन्हाळी अयनाचा सूर्योदय दाखवतो आणि दुसऱ्या बाजूला हिवाळी अयनाचा सूर्यास्त. आज गर्दी जमते ती जूनमध्ये. पण तीनेक किलोमीटरवर ड्युरिंग्टन वॉल्स नावाची त्याच काळातली वस्ती आहे. तिथे डुकरांच्या हाडांचा खच सापडला आणि दातांवरून कळलं की बरीचशी जनावरं नऊ महिन्यांच्या आसपास मारलेली होती. वसंतात जन्मलेलं पिल्लू नऊ महिन्यांचं कधी होतं? हिवाळ्याच्या मध्यावर. म्हणजे माणसं त्या सुमारास जमत होती, जेवणावळी उठत होत्या. दिशा आणि हाडं एकच गोष्ट सांगायला लागली की मग माझा विश्वास बसतो.

हां, आणि नेमका तोच दिवस त्यांना कळत होता का? हाडं तेवढं सांगत नाहीत. मला वाटतं त्यांना गरजही नसावी. आठदहा दिवस सूर्य एकाच जागी मावळताना दिसतोय, तेवढ्यात जमा. कवडसा म्हणतात तेच.

आणखी एक, जरा वाईट वाटणारं. अमेरिकेत चाको कॅन्यनमध्ये फहादा ब्यूट नावाची टेकडी आहे. तिच्यावर उभ्या तीन शिळांच्या फटींतून उन्हाची पाती पडतात आणि मागच्या भिंतीवर कोरलेल्या सर्पिलावरून सरकतात. उन्हाळी अयनाला एक पातं सर्पिलाच्या मधोमध, हिवाळी अयनाला दोन पाती त्याच्या दोन्ही कडांना. १९७७ मध्ये हे आधुनिक जगाच्या ध्यानात आलं. बघ्यांच्या वर्दळीने शिळांच्या पायथ्याची माती झिजली, आणि १९८९ मध्ये लक्षात आलं की शिळा सरकल्यात. शेकडो वर्षं टिकलेली नोंद बारा वर्षांत बिघडली.

---

साठ_अंश

मी उत्तरेत ६० अक्षांशाच्या जरासा वर राहते. अयनदिनी आमचा दिवस पावणेसहा तासांच्या आसपास. तुलनेसाठी: २० अंशांवर पावणेअकराच्या थोडा वर, ४० अंशांवर सव्वानऊच्या थोडा वर. आणि ते पावणेसहा तासही बहुधा ढगाखाली. मध्यान्ही सूर्य क्षितिजावर जेमतेम साडेसहा अंश चढतो, समोर दुमजली इमारत असली की संपलं.

तेव्हा 'मोठ्या दिवसांची सुरुवात' हे इथे ज्ञानविज्ञान मंडळाचं काम नसून पोटातून येणारी गोष्ट आहे. पण गंमत म्हणजे अयनदिनी कोणालाच बरं वाटत नाही! बरं वाटतं ते फेब्रुवारीत. एका दिवशी कामावरून निघताना रस्त्यावरचे दिवे अजून लागलेले नसतात आणि सगळे लिफ्टमध्ये तेवढंच बोलतात. मार्चमध्ये तर दिवस रोज साडेपाच मिनिटांनी वाढतो, आठवड्याला चाळीसेक मिनिटांच्या आसपास हिशेब जातो.

त्याहून वरच्या लोकांनी तर अयनाचा नाद सोडून सूर्य 'दिसण्याचा' दिवस धरलाय. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला (६९.६ अंश) नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, आणि डोंगर आड येत असल्याने गावात ऊन पडायला २१ जानेवारी उजाडतो. तो त्यांचा सूर्यदिन. स्वालबार्डमधल्या लाँगयरब्येनला (७८ अंश) ८ मार्चला लोक जुन्या रुग्णालयाच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी जमतात, कारण ऊन आधी तिथे पोचतं. रुग्णालय कधीच गेलं, पायऱ्या तेवढ्या राखल्यात.

आणि र्‍युकान हे अरुंद दरीतलं गाव. अक्षांश माझ्याएवढाच, पण डोंगरांमुळे सप्टेंबरअखेर ते मार्च गावात ऊन नाही. २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि चौकात ६०० चौरस मीटरभर ऊन पाडतात. मूळ कल्पना १९१३ ची, शंभर वर्षांनी अमलात आली. इटलीत व्हिगानेला नावाच्या छोट्या गावाने हे २००६ मध्येच केलं होतं, एका आरशावर.

मला विचाराल तर माझी अयननोंद म्हणजे खिडकीत पहिल्यांदा थेट ऊन कधी आलं ती तारीख.

---

शंकासुर

ताई, अंधाराचा मनावर परिणाम होतो म्हणतात ते कितपत खरं? की तेही बातम्यांतलंच?

---

साठ_अंश

खरं आहे, पण सगळ्यांना सारखं होत नाही. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी ऋतुनुसार येणाऱ्या नैराश्याचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. उपाय म्हणून सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसतात. घरातला उजेड काही शे लक्सचाच असतो, तर ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर हजारांत मिळतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर एक चक्कर मारणं हा फुकटातला उपाय. डोळ्यांचा आजार किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असतील त्यांनी मात्र दिवा स्वतःच्या मनाने आणू नये, डॉक्टरांना विचारावं.

---

पंचांगकर

मंडळी, इतकं बोललात आणि उत्तरायण हा शब्द अजून कोणी काढला नाही, कमाल आहे. शरपंजरी भीष्म ज्याची वाट पाहत पडले तो हाच क्षण.

दरवर्षीचा वाद इथेच मिटवून टाकतो. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला की १४-१५ जानेवारीला? सूर्य प्रत्यक्ष उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरात. जानेवारीत तो निरयन मकर राशीत, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भातल्या मकरेत शिरतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो त्यामुळे संपात (दिवस-रात्र समान असतानाच्या सूर्याच्या जागा) आणि अयनबिंदू ताऱ्यांतून मागे सरकत राहतात, साधारण ७२ वर्षांत एक अंश. इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस दोन्ही गोष्टी एका दिवशी होत होत्या. तेव्हापासून साठलेला फरक आता २४ अंशांचा झालाय. संक्रांत पुढे सरकतेच आहे, साधारण ७२ वर्षांना एक दिवस या गतीने.

आणि हे आपल्याकडच्यांना माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होतं असं आहे. वराहमिहिर सहाव्या शतकात स्पष्ट लिहितो की पूर्वी तसं होतं असं शास्त्रांत सांगितलंय, आता ते मकरारंभी होतं. आणि प्रत्यक्ष पाहून खात्री करा. माझ्या मते त्यातली शेवटची अट आपण सोयीस्करपणे विसरलो.

---

गणितवेडी

पंचांगकर, शेवटच्या वाक्याला टाळ्या. फक्त 'मिटवून टाकतो' म्हणालात, ते काही होणार नाही. ज्यांना ताऱ्यांचा संदर्भ धरायचाय ते चूक नाहीत, ते वेगळी गोष्ट मोजतायत. चूक तेव्हा होते जेव्हा जानेवारीच्या मध्यावर 'आजपासून दिवस मोठा व्हायला लागला' असं सांगतात. तोवर दिवस वाढायला लागून तीन आठवडे झालेले असतात.

आणि हा घोळ सगळ्यांकडे आहे. रोमन लोक २५ डिसेंबरला अयन धरायचे. त्यांचं ज्युलियन वर्ष खऱ्या वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठं, म्हणून अयन कॅलेंडरात मागे मागे येत चौदाव्या शतकात १३ डिसेंबरपर्यंत घसरलं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी दहा दिवस उडवले तेव्हा ते आजच्या २१-२२ डिसेंबरवर आलं.

---

पंचांगकर

मान्य. भर घालतो: भारताचं राष्ट्रीय कॅलेंडर, जे २२ मार्च १९५७ पासून लागू आहे, ते सायन आहे, म्हणजे ताऱ्यांवर नव्हे, ऋतूंवर चालतं. त्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर, दरवर्षी. मेघनाद साहांच्या समितीने ते ऋतूंना बांधून दिलं. सरकारी राजपत्रावर तारीख छापली जाते, बघतो कोण!

---

कवडसा (धागाकर्ता)

धाग्याने छान वळण घेतलंय. 'प्रत्यक्ष पाहून खात्री करा' इथे मी गाडी परत आणतो.

काठीची सावली धूसर येते म्हणून मी काठीऐवजी छिद्र वापरतो. दक्षिणेकडच्या खिडकीला जाड कागद लावायचा (उत्तर गोलार्धातल्यांनी), त्याला तीनचार मिलिमीटरचं गोल छिद्र. जमिनीवर पडतो तो कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. छिद्र चौकोनी केलंत तरी कवडसा गोलच पडतो. छिद्रापासून किरण तीन मीटर लांब गेला तर प्रतिमा सुमारे २८ मिलिमीटरची येते. जमीन आडवी, किरण तिरपा, म्हणून ती लंबगोल दिसते. पेन्सिलीने तिचा मध्य टिपायला जाल तर हात पोचेस्तोवर ती सरकते, मिनिटाला सेंटिमीटरच्या वर. म्हणून मध्य शोधू नका, ठरलेल्या सेकंदाला दोन्ही कडांवर एकेक रेघ मारा आणि मध्य मागाहून काढा.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर बघायचं तर इटलीतल्या बोलोन्याचं सान पेत्रोनियो चर्च. खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने १६५५ मध्ये तिथे छतात २७ मीटर उंचीवर छिद्र ठेवून जमिनीवर जवळजवळ ६७ मीटरची रेघ आखली. हिवाळी अयनाला कवडसा रेघेच्या पार शेवटच्या टोकाला जातो. जयपूरच्या जंतरमंतरमधलं षष्ठांश यंत्रही असंच: अंधारी खोली, वर छिद्र, खाली अंशांची कमान.

आता शंकासुरांच्या पहिल्या शंकेचं उत्तर जमिनीवरच मिळतं. रोज घड्याळाच्या एकाच वेळेला खूण करा. अयनानंतरच्या आठवड्यात तीन मीटरच्या किरणाला कवडसा दक्षिणेकडे जेमतेम सव्वा सेंटिमीटर परततो, पण पश्चिमेकडे चारेक सेंटिमीटर सरकतो. गणितवेडींचे ते रोजचे ३० सेकंद! वर्षभर खुणा केल्यात तर इंग्रजी आठाचा आकार तयार होतो. मध्य काढताना मात्र पूर्व-पश्चिम सरकणं सोडून द्या आणि फक्त दक्षिणोत्तर अंतर जुळवा.

---

शंकासुर

दोन प्रश्न. दक्षिण दिशा मोबाइलच्या होकायंत्राने धरली तर चालेल? आणि मधेच ढग आले तर?

---

कवडसा (धागाकर्ता)

होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी नव्हे. शिवाय खिडकीच्या लोखंडी गजांजवळ ते वेडंवाकडं फिरतं. त्यापेक्षा एका सकाळी कवडशाच्या खुणा दर दहा मिनिटांनी करत दुपारपर्यंत जा. खिडकीच्या भिंतीपासून नव्हे, छिद्राच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ज्या खुणेचं अंतर सर्वांत कमी, ती खरी माध्यान्ह. त्या दोन बिंदूंतून जाणारी रेघ दक्षिणोत्तर.

ढगांचं म्हणाल तर ही पद्धत ढगांसाठीच केलेली आहे. २५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर आणि ७ ते १७ जानेवारी यांत मिळतील तेवढ्या खुणा करा. प्रत्यक्ष अयनाचा आठवडा पूर्ण ढगाळ गेला तरी बिघडत नाही.

---

गणितवेडी

एक छोटी पुस्ती. 'दोन्ही बाजूंचा मध्य' हे तेव्हाच काटेकोर बरोबर, जेव्हा अयनाच्या दोन्ही बाजूंना सूर्याची चाल सारखी असते. चाल सर्वांत जलद असते उपसूर्याला, आणि तो अयनाच्या पुढेमागे सरकत असतो. तेराव्या शतकाच्या मध्यावर उपसूर्य आणि अयन जवळजवळ एकाच दिवशी आले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी चीनमध्ये क्वो शोचिंगने सावलीसाठी ४० छिरची, म्हणजे जवळपास दहा मीटरची उंची वापरून धूसर कडेवर छिद्राचीच युक्ती केली आणि १२८१ च्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं धरलं. ग्रेगरी कॅलेंडरच्या वर्षाची सरासरी नेमकी तेवढीच आहे, तीनशे वर्षांनंतर. आज उपसूर्य अयनाच्या बारातेरा दिवस पुढे आहे, तुमच्या कागदी छिद्राला तो फरक जाणवणार नाही. बिनधास्त मध्य काढा.

---

उलटा_गोलार्ध

वाचत होते, आता विचारते. मी दक्षिण गोलार्धात आहे. आमचं हिवाळी अयन जूनमध्ये. मी तेव्हा नोंदी टाकल्या तर चालतील? की डिसेंबरात आमच्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या?

अवांतर: अंटार्क्टिकावर हिवाळाभर राहणाऱ्यांचा सर्वांत मोठा सण २१ जूनच्या सुमारासचा मध्यहिवाळा असतो. १९०२ मध्ये स्कॉटच्या मोहिमेनेही तो साजरा केला होता. आजही वेगवेगळ्या देशांची केंद्रं त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छापत्रं पाठवतात, आपल्या मैत्री आणि भारतीवरही हिवाळी तुकडी असते. पुढचे कितीतरी दिवस सूर्य दिसणार नसतो, तरी सण तोच.

---

गणितवेडी

दोन्ही टाका, तुलनाच व्हायला हवी. जूनमध्ये कललेल्या आसाचे २० सेकंद तसेच राहतात, पण पृथ्वी सूर्यापासून लांब आणि हळू असते म्हणून सातआठ सेकंद वजा होतात. पट्टी रोज ३० ऐवजी सुमारे १३ सेकंदच सरकते. म्हणजे त्याच अक्षांशाला तुमचा लवकरात लवकरचा सूर्यास्त आणि उशिरात उशिराचा सूर्योदय अयनाच्या आमच्यापेक्षा जास्त जवळ आले पाहिजेत. कागद उत्तरेकडच्या खिडकीला लावा आणि खुणा कोणत्या बाजूला सरकतात ते कळवा.

---

कवडसा (धागाकर्ता)

जूनसाठी वेगळा धागा काढू नका, इथेच लिहा. नोंद टाकताना चार गोष्टी द्या: अक्षांश, छिद्राची जमिनीपासूनची उंची, घड्याळातली वेळ आणि दोन्ही कडांची अंतरं. शंकासुर, तुमची पहिली खूण कधी?

---

शंकासुर

उद्या. खिडकी उत्तरेची निघाली, जिन्यातली मिळते का बघतो.